थंड हवेची विद्या : खर्च आणि प्राप्ति

मुलगा दहावी झाला कीं घरोघर एकच खल सुरू होतो : आतां पुढें काय? यंदा हा प्रश्न आमच्याच घरांत आला. आमच्या दिवंगत वडील बंधूंचा नातू परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि त्यानें जेवतांना सांगून टाकलें कीं, मला वातानुकूलनाचें काम शिकावयाचें आहे. सगळ्यांचे हात पानांतच थबकले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीं जन्मभर मुलांना रूपावली शिकवली, आणि आपल्या घरचा मुलगा लोकांच्या भिंतींवर चढून यंत्रें पुसणार?" त्या वेळीं आम्ही गप्प राहिलों, परंतु रात्रीं वही काढून हिशेबास बसलों. ज्यांच्या घरीं हाच खल चालू असेल त्यांस उपयोग व्हावा म्हणून तो येथें मांडतों.

प्रथम ही विद्या काय आहे तें पाहूं. माठांतलें पाणी झिरपून त्याची वाफ होते व ती होतांना आंतली उष्णता घेऊन जाते, हें आपण जाणतों. यंत्रांतहि नियम तोच. नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाची खोलीच्या बाजूस वाफ होते व ती उष्णता शोषते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो आणि उष्णता बाहेर टाकली जाते. यंत्राची शक्ति 'टना'त सांगतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता घेईल, तितकी ती शक्ति. १९०२ सालीं विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्यानें पहिली योजना आंखली ती माणसांच्या सुखासाठीं नव्हे, तर छापखान्यांतील कागद दमट हवेनें फुगूं नये म्हणून. सारांश, या धंद्यांत पदार्थविज्ञान आहे, विजेचें ज्ञान आहे आणि सोनाराच्या हातासारखा तांब्याच्या नळ्या जोडणारा हातहि आहे. केवळ पुसपाशीचें हें काम नव्हे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण मुलास प्रवेश मिळतो. शेवटीं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतें. पुढें एक वर्ष कारखान्यांत उमेदवारी करतां येते. तिला १९६१ च्या कायद्याचा आधार आहे. २०१९ सालीं नियम सुधारले तेव्हां प्रमाणपत्रधारक उमेदवारास दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलें.

आतां ताळेबंद. पुढील आंकडे आमचे मानीव आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपले घालावे. समजा, मुलगा आजच कोठें साध्या कामास लागता तर महिना १२,००० रुपये आणता. दोन वर्षांत ते २,८८,००० होतात. शिकल्यामुळें तेवढे बुडाले. सरकारी संस्थेची फी, रेल्वेचा पास, कपडे, पुस्तकें व हत्यारें यांस दोन वर्षांचे ३०,००० धरूं. उमेदवारीच्या वर्षीं दरमहा ५,००० कमी, म्हणजे ६०,००० आणखी. एकूण ३,७८,०००. यांत फीचा वांटा किती थोडा आहे तें पहा! खरा खर्च काळाचा आहे. पुढें न शिकलेल्यापेक्षां महिना ६,००० अधिक मिळाले तर ही रक्कम सव्वापांच वर्षांत फिटते. १०,००० अधिक मिळाले तर तीन वर्षांहून थोड्या अधिक काळांत. तोच मुलगा लाखभर जास्त फी घेणाऱ्या खासगी संस्थेंत गेला, तर पहिल्या हिशेबानें साडेसहा वर्षांहून अधिक लागतील. आणि तो लाख कर्जाऊ असेल तर व्याज निराळेंच.

मिळकतीची आशा कितपत खरी? केंद्र सरकारनें २०१९ सालीं शीतकरणाचा एक राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यांत, २०१७-१८ च्या मानानें वीस वर्षांत देशाची थंडाव्याची गरज सुमारें आठपट होईल असा अंदाज आहे. आमच्या कर्जत-खालापुरांतहि औषधांचे कारखाने, फार्महाऊसें आणि हॉटेलें यांनीं यंत्रें वाढविलीं आहेत. या भिवपुरीस १९२२ सालीं घाटावरचें पाणी नळांतून उतरवून विद्युतगृह सुरू झालें. पाण्यापासून वीज करणारें गांव विजेपासून गारवा करणाऱ्यास कमी लेखील, हें आम्हांस शोभत नाहीं.

तथापि कांहीं इशारे दिलेच पाहिजेत. काम हंगामी आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत जेवावयास फुरसत नाहीं, आणि पाऊस लागला कीं हात रिकामे. म्हणून उन्हाळ्याची कमाई शेतकऱ्याप्रमाणें वर्षभर पुरवावी लागते. उंचीवरून पडण्याचें व विजेचा धक्का बसण्याचें भय आहे. कमरेस पट्टा बांधल्यावांचून खिडकीबाहेर पाय टाकूं नये. वायूहि बदलत आहेत. ओझोनच्या थरास अपाय करणारा आर-२२ हा १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हटविला जात असून, त्याच्या जागीं आलेल्यांपैकीं आर-३२ कांहींसा ज्वालाग्राही व प्रोपेन तर पुरा ज्वालाग्राही आहे. म्हणून अर्धवट शिकलेला कारागीर स्वतःस व गिऱ्हाइकास दोघांसहि घातक. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तीन महिन्यांत तरबेज करण्याचें वचन देणाऱ्या एका वर्गांत पैसे भरले. तेथें त्यास यंत्र उघडलेलें दिसलें, हातीं मात्र आलें नाहीं. प्रवेशापूर्वीं संस्था मान्यताप्राप्त आहे काय, आणि मुलांना प्रत्यक्ष यंत्रावर किती तास हात घालावयास मिळतो, हे दोन प्रश्न विचारावेतच.

दुसरे दिवशीं वही वहिनींपुढें ठेवली. त्यांनीं चष्मा लावून आंकडे दोनदां वाचले व म्हणाल्या, "फीचे पैसे मी देतें. पण तो पट्टा चांगल्यापैकीं घ्या." पदवीचा मार्ग वाईट असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं, ज्यास अभ्यासाची गोडी आहे त्यानें तो धरावा. परंतु मुलाचा कल हाताच्या कामाकडे असतां केवळ लौकिकास भिऊन त्यास तीन वर्षें महाविद्यालयाच्या बांकावर बसविणें हाहि खर्चच आहे; तो कोणत्याहि वहींत लिहिला जात नाहीं, इतकेंच.