एका पेशंटची तीन वजनं

सकाळी 6:40. पुण्यातलं एक खासगी हॉस्पिटल. भूलेचा टेक्निशियन, सगळे त्याला दादा म्हणतात, आधी ऑपरेशन टेबलाखाली वाकतो. टेबल किती किलो पेलतं ती पट्टी वाचतो. टेबल रोजचंच, तरी वाचतो. मग भूलेच्या मशीनमध्ये गळती आहे का बघायचं, सक्शन, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपची बॅटरी. बीपीचा मोठा पट्टा कुणीतरी शेजारच्या थिएटरमध्ये नेलाय. तो शोधण्यात दहा मिनिटं जातात. पगार महिना 22 हजार, चहा स्वतःचा.

7:15. बाई 41 वर्षांच्या. उंची 160 सेंटिमीटर, वजन 128 किलो. आज जठर लहान करायचं ऑपरेशन, स्लीव्ह.

"मॅडम, कमरेतच इंजेक्शन द्या ना. सिझरला दिलं होतं."

भूलेच्या मॅडम स्टूल ओढून बसतात. "ताई, हे दुर्बिणीचं आहे. पोटात गॅस भरतात, तो खालून छातीला दाबतो. जागेपणी सोसणार नाही. पूर्ण झोपवते, श्वास मशीन देईल."

"घोरते फार," नवरा मध्येच म्हणतो. "मी हॉलमध्ये झोपतो." मॅडम मानेला टेप लावतात. 43 सेंटिमीटर. झोपेत श्वास अडू नये म्हणून रात्री लावायचं सीपॅप मशीन आणलंय का? आणलंय, बिग शॉपरमध्ये, डब्याखाली.

7:50. पांढऱ्या फळ्यावर तीन आकडे: 128, 57, 52. पहिला काट्यावरचा. दुसरा चरबी वगळून. तिसरा उंचीवरून काढलेला. माणूस एकच, पण प्रत्येक औषध त्याला वेगळं तोलतं. झोपवायचं प्रोपोफॉल 57 वर, 120 मिलिग्रॅम. 128 धरून दिलं तर बीपी कोसळायचा. स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम 52 वर, 60 मिलिग्रॅम. दादा सिरिंजा भरतो, लेबलं चिकटवतो.

8:10. मावशी घडीच्या चादरी आणतात. खांद्याखाली, मानेखाली, डोक्याखाली थर चढत जातात. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचा वरचा खळगा एका रेषेत यायला हवा. मॅडम बाजूने वाकून बघतात. "अजून एक." नववी चादर. यासाठी तयार उशी मिळते, इथे अजून मागवलेली नाही.

8:20. टेबलाची डोक्याकडची बाजू वर. मास्क घट्ट, ऑक्सिजन. या वजनात आडवं झालं की फुप्फुसातला हवेचा साठा कमी पडतो. श्वास थांबला की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा भराभर उतरतो. म्हणून इथे घाई नाही. पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग औषध, मग श्वासाची नळी. ऑक्सिजन 98 वरून 94 पर्यंतच येतो. दादा हातमोजे बदलतो.

8:40. झोप टिकवायला कोणता भूलेचा वायू, सेव्हो की डेसफ्लुरेन? डेसफ्लुरेन चरबीत कमी मुरतं, लवकर निघून जातं. पण महाग. मॅडम डेसफ्लुरेन घेतात, मात्र ताज्या गॅसचा प्रवाह कमी ठेवून, म्हणजे बाटली पुरते. वेदना मारणारं फेंटानिल थोडंच. जागी झाल्यावर श्वास मंदावला तर घोरणाऱ्या पेशंटला तेच बाधतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि टाक्यांच्या जागी बधिरीचं इंजेक्शन.

9:25. सर्जन म्हणतात, "बूजी." मॅडम तोंडातून जठरात जाडसर नळी सरकवतात. तिच्या कडेने स्टेपलर चालतो. जठर किती उरणार ते या नळीवर ठरतं.

10:20. आता सैल केलेले स्नायू पुन्हा कामाला लावायचे. सुगामाडेक्स. हे मात्र काट्यावरच्या वजनाला, किलोला 2 मिलिग्रॅम. 256. एका बाटलीत 200 असतं. कमी वजन धरून एकीत भागवणारेही आहेत. मॅडम मनगटावरच्या मॉनिटरकडे बघतात, मग दादाकडे. दादा दुसरी फोडतो.

"ताई, डोळे उघडा. मान उचला." उचलतात. श्वासाची नळी बाहेर.

10:50. रिकव्हरी. पाठ उंच, नाकावर घरचं सीपॅप. बाहेर नवरा औषधांची पावती वरून खाली वाचतोय. "एवढीशी बाटली, आणि दोन?" सिस्टर समजावते. त्याने मान हलवली, पण पावती घडी करून खिशात काही घातली नाही.

आत मावशी चादरी मोजतात. नऊ. पुढचा पेशंट 152 किलोचा. दादा पुन्हा टेबलाखाली वाकतो.