त्याच वीस गाण्यांचा मागोवा

रफी, किशोर, मुकेश, लता, बाबूजी (सुधीर फडके) यांच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमांत माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ सगळे बदलले. अकॉर्डियन गेले, की-बोर्ड आला. बोंगो-कोंगोच्या शेजारी ऑक्टोपॅड उभा राहिला, आणि पुढे कित्येक ठिकाणी वादकांच्याच जागी ट्रॅक वाजू लागला. ‘रफी नाईट’चे ‘स्वरांजली’ झाले, मग ‘ट्रिब्यूट शो’ झाले. बदलली नाही ती गाण्यांची यादी. तीच वीस-बावीस गाणी, बरीचशी त्याच क्रमाने, आणि मध्ये निवेदकाचे तेच दोन किस्से.

ऐकणारा दरवेळी नवा असेल तर यात काही बिघडत नाही. आज सोलापूर, परवा बेळगाव, आठवड्याने इंदूर असा दौरा करणाऱ्या संचाने एकच यादी वर्षभर चालवली तर प्रत्येक गावाला ती नवीच असते. आमच्या नायगावची गोष्ट वेगळी आहे. भाईंदरची खाडी ओलांडली की लागणारे हे पहिले स्टेशन. पश्चिमेला कोळीवाडा, खाडीत पाणजू बेट, पूर्वेला जूचंद्र आणि आता त्याच्या आजूबाजूला उभ्या राहिलेल्या इमारती. इथला ऑर्केस्ट्रा इथेच फिरतो. हळदीला तोच, गणपतीत तोच, नवरात्रात तोच, सोसायटीच्या सत्यनारायणालाही तोच. ऐकायला बसणारेही तेच असतात. पुढच्या रांगेतल्या काकूंना कोणत्या गाण्यानंतर कोणते येणार हे गायकाच्या आधी ठाऊक असते.

जूचंद्रची मला यासाठी नेहमी आठवण होते. हे गाव रांगोळीसाठी ओळखले जाते, आणि तिथल्या कलाकाराने गेल्या दिवाळीतलेच चित्र यंदा पुन्हा काढले तर कुणी ते गोड मानून घेणार नाही. हात तोच, रंग तेच, पण विषय नवा हवा, अशी पाहणाऱ्यांची अपेक्षा असते. गाण्यांच्या बाबतीत मात्र तेच गाव, तीच माणसे जुन्या यादीला टाळ्या देतात. तरी दोष ऐकणाऱ्यांचा आहे असे मला वाटत नाही. ही सवय कशी लागली ते मागे जाऊन पाहायला हवे.

मराठीत एका नावाभोवती, एका रचनेभोवती बांधलेल्या मैफलीचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे गीतरामायण. 1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर पहिले गीत वाजले, आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक अशी ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे गदिमांची, गीते बाबूजींच्या चालीत येत राहिली. बेत बावन्न गीतांचा होता. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ती छप्पन्न झाली. रेडिओवर ती निरनिराळ्या गायकांनी गायली, त्यांत माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे व्यासपीठावर मात्र बाबूजी एकटेच सगळी गाऊ लागले आणि आयुष्यभर गात राहिले. 29 जुलै 2002 रोजी ते गेले. त्यांच्या मागे त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके यांनी ते गाणे चालू ठेवले.

इथे क्रम बदलण्याचा प्रश्नच येत नाही. सीताहरणाच्या आधी रावणवध गाता येत नाही. कथाच क्रम ठरवते. पण छप्पन्न गीते एका रात्रीत मावत नाहीत. एकतर लागोपाठ काही संध्याकाळी बसायचे, नाहीतर निवड करायची, आणि निवड आली की गायकाची जबाबदारी सुरू झाली. वर्षानुवर्षे त्याच दहा-बारा गीतांची निवड होत राहिली तर उरलेली चाळीस-पंचेचाळीस हळूहळू फक्त पुस्तकात राहतात. गावोगावच्या हौशी मंडळांत हे घडलेले मी पाहिले आहे. रामनवमीला गीतरामायण होते आणि लोक तृप्त होऊन घरी जातात, पण निम्म्याहून अधिक गीते त्यांनी समोर बसून कधी ऐकलेलीच नसतात.

हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आमच्या भागात बहरला तो सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत. 1976 साली मुकेश गेले, 1980 च्या 31 जुलैला रफी, 1987 च्या 13 ऑक्टोबरला किशोरकुमार, 1994 च्या 4 जानेवारीला पंचम, म्हणजे राहुलदेव बर्मन. एकेक जण गेला तशी त्याच्या नावाची एकेक तारीख कार्यक्रमांच्या कॅलेंडरात पक्की झाली. जुलैची अखेर तर भरगच्चच: 25 ला बाबूजींचा जन्मदिवस, 29 ला स्मृतिदिन, 31 ला रफी. भर पावसाचे दिवस. लोकल कधी बंद पडेल याचा भरवसा नसताना बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात कार्यक्रम ऐकून शेवटच्या गाडीने परतणारी नायगाव-वसईची माणसे मी पाहिली आहेत. इतकी आच असलेल्या माणसाला नवे काही द्यायला हवे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

यादी का गोठते, याची कारणे मात्र खरी आहेत. ती आळसाच्या नावावर टाकणे अन्याय होईल. संचातले वादक बहुधा एकाच संचाचे नसतात. हंगामात ढोलकीवाला एका रात्री इथे, दुसऱ्या रात्री पनवेलला. सगळ्यांना एकत्र बसवून तालीम घ्यायची म्हणजे सगळ्यांची एक कमाई बुडवायची. म्हणून सगळ्यांना आधीच येणारी गाणी घेतात. नवे गाणे बसवायचे तर गायकाची पट्टी ठरवायची, मधले म्युझिकचे पीस कानाने उतरवायचे, कुणीतरी नोटेशन लिहायचे. मदनमोहन किंवा सलील चौधरी यांचे एखादे गाणे नीट उभे करायला आठवडा जातो, आणि ते कार्यक्रमात पाच मिनिटांत संपते. शिवाय गायकाचा गळा. सलग तीन तास गाणारा माणूस चढ्या पट्टीचे गाणे कुठे ठेवायचे, त्यानंतर द्वंद्वगीत घेऊन श्वास कुठे मिळवायचा, याचा हिशेब अनेक कार्यक्रमांतून बसवतो. बसलेली यादी मोडली की तो हिशेबही मोडतो. आणि पैसे देणारा असतो आयोजक. त्याला त्याच्या पाहुण्यांनी पहिल्याच ओळीला टाळी द्यायला हवी असते.

या सगळ्याला मी मान देतो. पण मग ट्रॅक आला. वादक जमवायचे नाहीत, तालीम नको, हव्या त्या पट्टीत साथ मोबाईलवर तयार. आता तरी यादी मोकळी होईल असे वाटले होते. उलट झाले. चांगले ट्रॅक आधी लोकप्रिय गाण्यांचेच निघाले, म्हणून गाणारे पुन्हा तिथेच वळले. आज वसई-विरारमध्ये कराओकेवर गाणाऱ्या हौशी मंडळींचे गट जागोजागी आहेत, त्यांत खरोखर सुरेल गळे आहेत, आणि एकाच महिन्यात तीन गटांचे तीन कार्यक्रम ऐकले तर निम्मी गाणी सामाईक निघतात. म्हणजे अडचण वादकांच्या पैशांची एवढीच नव्हती. पडणाऱ्या टाळीची खात्री सोडवत नाही, हेही तितकेच मोठे कारण आहे.

2019 साल मला या बाबतीत फार लागले. बाबूजी, गदिमा आणि पु. ल. देशपांडे या तिघांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. महाराष्ट्रभर कार्यक्रम झाले. माणसाच्या शंभराव्या वर्षी त्याचे सगळे काम एकदा उजेडात यावे, एवढी तरी अपेक्षा करावी. मी ऐकले त्यांतल्या बहुतेक कार्यक्रमांत तीच नेहमीची भावगीते, तीच गीतरामायणातली पाच-सहा. ‘लाखाची गोष्ट’पासून ‘मुंबईचा जावई’पर्यंत चित्रपटांना संगीत देणारे, ‘भाभी की चूडियाँ’साठी हिंदीत लतादीदींना गायला लावणारे बाबूजी फार थोड्या ठिकाणी भेटले. गदिमांच्या लावण्या तर जवळजवळ दिसल्याच नाहीत. त्या वर्षी नुकसान झाले असे मी म्हणतो ते तरुण श्रोत्यांचे. पहिल्यांदाच ऐकायला आलेल्या मुलाला वाटले, या माणसाचे काम एवढेच.

बाहेरच्या जगात हा प्रश्न लोकांनी कसा सोडवला, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा बँड 1965 ते 1995 अशी तीस वर्षे वाजवत होता, आणि त्यांची यादी रोज रात्री वेगळी असे. 1997 साली शिकागोत त्यांना मानणाऱ्या वादकांनी डार्क स्टार ऑर्केस्ट्रा काढला. हे लोक डेडची एखादी जुनी रात्र निवडतात, त्या रात्रीची गाणी त्याच क्रमाने वाजवतात, आणि ती कोणती तारीख होती हे कार्यक्रम संपल्यावर सांगतात. काही रात्री स्वतःची यादी करतात. ऐकणारा दरवेळी नवे ऐकतो, आणि तरीही मूळ बँडशी इमान राखले जाते. याच्या उलट कॅनडातल्या माँट्रियलचा म्युझिकल बॉक्स. जेनेसिस या बँडचे सत्तरीतले कार्यक्रम ते वेशभूषेसकट, पडद्यावरच्या स्लाइड्ससकट जसेच्या तसे उभे करतात. तिथे यादीत एक गाणे इकडचे तिकडे होत नाही, कारण मूळ कार्यक्रमच तसा बांधलेला होता, आणि त्यांतला एक तर सलग कथाच होता, आपल्या गीतरामायणासारखा.

या दोन उदाहरणांपाशी माझे मत पक्के झाले. यादी बदलावी की नाही याचे उत्तर ज्याला आदरांजली वाहायची त्याच्या कामात शोधायचे. काम कथेचे असेल तर क्रम पाळा, पण गाळलेली पाने पाळीपाळीने वाचा. रफींचे काम कथेचे नव्हते. नौशाद, ओ. पी. नय्यर, मदनमोहन, रवी, शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा कित्येक संगीतकारांकडे, अनेक नायकांसाठी, भजनापासून कव्वालीपर्यंत पसरलेले ते काम आहे. त्या माणसाने कधी वीस गाण्यांची यादी करून ठेवली नव्हती. ती आपण केली, आणि वर्षानुवर्षे त्याच्या नावावर खपवत आलो.

पुण्यात पंचमप्रेमींच्या ‘पंचममॅजिक’ने वेगळी वाट धरली. राहुलदेव बर्मन यांच्याबरोबर प्रत्यक्ष वाजवलेल्या वादकांना बोलावून, गाणे कसे घडले ते त्यांच्याच तोंडून ऐकवणारे कार्यक्रम त्यांनी केले. असे निवेदन असले की अनोळखी गाणेही लोक कान देऊन ऐकतात. निवेदकाचे काम तिथे सुरू होते. आमच्याकडे अनोळखी गाणे आले की लोक चहाला उठतात अशी तक्रार असते. त्या गाण्याआधी दोन वाक्ये नीट सांगितली होती का, हे कुणी विचारत नाही.

सगळी यादी दरवेळी उलथून टाका, असे मी म्हणणार नाही. घरच्या मोठ्या माणसांना त्यांचे लाडके गाणे ऐकायला मिळायलाच हवे. वर्षातून एकदा बाहेर पडणाऱ्या आजोबांना ‘यंदा ते नाही’ असे सांगण्यात कसला आला मोठेपणा? सुरुवातीची चार-पाच आणि शेवटची भैरवी राहू दे. फर्माईशीच्या चिठ्ठ्याही घ्या. मधली सात-आठ गाणी मात्र दरवर्षी नवी हवीत, आणि ती एखाद्या धाग्याने निवडलेली हवीत. रफींच्या कार्यक्रमात एक वर्ष मदनमोहन, एक वर्ष रवी. आणि एक वर्ष श्रीकांत ठाकरे.

शेवटचे नाव मी मुद्दाम घेतो. श्रीकांत ठाकरे यांनी रफींकडून मराठी गाणी गाऊन घेतली, वंदना विटणकरांसारख्या कवयित्रीचे शब्द रफींच्या गळ्यातून आले. नायगावच्या मराठी श्रोत्यांसमोर होणाऱ्या रफी नाईटमध्ये त्यांतले एखादे लागलेच तर लागते, बहुधा तेही नाही. सात-आठ वादकांच्या संचाला यांतली तीन गाणी बसवायला दोन रविवार पुरतील. ट्रॅकवाल्यांना जरा जास्त शोधावे लागेल, नाही मिळाला तर पेटी आणि तबल्यावर गावे लागेल. 31 जुलैला ती गाणी जो कुणी आमच्याकडे गाईल, त्याने पैसे थोडे जास्त मागितले तरी मंडळाने ते द्यावेत.