वारा किती नव्हे, कसा?

हवाई बेटांपैकी माउईच्या उत्तर किनाऱ्यावर मालिको नावाची एक घळ समुद्राला मिळते. तिथून काहुलुई बंदरापर्यंतचे साधारण पंधरा किलोमीटर म्हणजे वाऱ्याच्या दिशेने लाटांवर धावणाऱ्यांची पंढरी. गेल्या काही वर्षांत तिथे एक नवलाचे दृश्य दिसू लागले आहे. बोर्डवर माणूस उभा, बोर्ड पाण्याच्या वर तरंगत चाललेला आणि माणसाचे हात रिकामे. ना शीड, ना मोटार. लाटेच्या उतारावरून तो पुढच्या लाटेवर जातो, तिच्यावरून तिसरीवर. त्याला मुळात उभे करणारे साधन कमरेच्या पट्ट्यात कोंबलेले असते: काही चौरस मीटर पातळ कापड, दोऱ्यांचा जुडगा आणि हातभर लांबीची दांडी. हेच पॅराविंग.

माउईतल्याच ‘बोर्डरायडिंग माउई’ या छोट्या कंपनीच्या ग्रेग ड्रेक्सलर यांनी २०२४ मध्ये ते बाजारात आणले आणि त्याला नाव दिले ‘मालिको’. पाठोपाठ इतर कंपन्याही उतरल्या. कल्पनेची मुळे मात्र जुनी आहेत. काठ्या-कांबी नसलेला, निव्वळ वाऱ्याच्या दाबाने आकार घेणारा पंख फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या अमेरिकन दांपत्याने चाळीसच्या दशकात घडवला. १९५१ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे ‘जेमिनी’ यान जमिनीवर अलगद उतरवण्यासाठी नासाने या पंखावर बरेच प्रयोग केले आणि १९६४ मध्ये तो नाद सोडला. अंतराळयानाच्या नशिबी न आलेले कापड साठ वर्षांनी लाटांवर पोचले, ते वेगळ्याच गुणामुळे. ते घडी करून खिशात ठेवता येते.

हा गुण ध्यानात घेतला नाही, तर पॅराविंगची निवड हमखास चुकते.

उचलते पाणी, ढकलतो वारा

बोर्डच्या तळाला पाऊण मीटरभर दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्याखाली चालणारे पंख, याला फॉइल म्हणतात. विमानाचा पंख हवेत जे करतो, तेच हा पाण्यात करतो. पण पाणी हवेच्या आठशेपटींहून अधिक दाट असल्यामुळे अगदी छोटा पंख पुरतो. ढोबळ हिशेब केला तर १००० चौरस सेंटिमीटरचा पंख ताशी १८ किलोमीटर वेगाला माणूस आणि बोर्ड मिळून ९० किलो वजन उचलून धरतो. त्या वेगाच्या आत मात्र बोर्ड पाण्याला चिकटून असतो आणि पुढे सरकायला फार जोर मागतो. एकदा वर आला की विरोध झपाट्याने घटतो. म्हणजे सगळी ताकद लागते ती उठण्याच्या त्या काही क्षणांत. नंतरचे काम थोडक्यात भागते.

ही ताकद वाऱ्याकडून येते आणि वाऱ्याचा हिशेब सरळ नसतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. चार चौरस मीटरचे पॅराविंग १० नॉट वाऱ्यात जेमतेम ६ किलो वजनाइतके ओढते. १५ नॉटला ही ओढ १३ किलोंवर जाते, २० ला २३ आणि २५ ला ३६ किलोंवर. (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.) उलट बाजूने पाहिले तर १५ नॉटला चार चौरस मीटर जे काम करते, ते २० नॉटला सव्वादोनच्या कापडात होते आणि १२ नॉटला त्यासाठी सव्वासहा लागते. बाजारातली मापे साधारण दोन ते सहा चौरस मीटरांच्या दरम्यान असतात, ती याच गणितामुळे.

आता यात चालणाऱ्याचा स्वतःचा वेग मिसळू. वारा १८ नॉट आणि तुम्ही त्याच्याच दिशेने १४ नॉटने निघालात, तर कापडाला लागणारा वारा उरतो फक्त ४ नॉट. जोर विसाव्या हिश्श्यावर येतो आणि पॅराविंग गळून पडते. त्याच वेगाने वाऱ्याला काटकोनात गेलात, तर कापडाला जवळजवळ २३ नॉट वारा लागतो आणि ओढ दीडपटीच्या वर जाते. वाऱ्याच्या दिशेने धावताना पॅराविंग हातात धरणे म्हणजे लोढणे वागवणे. ते गुंडाळून ठेवण्यामागे हौस नाही, गरज आहे. आणि तेच वाऱ्याला आडवे जायचे असेल, तर नेमके तेच कापड दांडगाई करू लागते.

एकच आकडा, तीन वारे

मोबाइलवरचे ॲप सांगते, ‘१५ नॉट’. पण तो वारा कुठून आला, वाटेत त्याला काय आडवे आले आणि त्याने पाण्याचे काय केले, हे आकडा सांगत नाही.

माउईला येतात ते ईशान्येचे व्यापारी वारे. हजारो किलोमीटर उघड्या पॅसिफिकवरून, वाटेत डोंगर ना शहर, असे ते येतात. बेटाच्या मधोमध ३०५५ मीटर उंच हालेआकाला आणि पश्चिमेकडचे डोंगर यांच्यामध्ये सखल पट्टा आहे. त्यात दाटून वाऱ्याचा वेग आणखी वाढतो, पण तो विस्कटत नाही. एवढा लांब पल्ला मिळाल्यामुळे समुद्रही भरदार उठतो. खोल पाण्यात लाट किती वेगाने धावते, हे दोन लाटांमधल्या वेळावरून कळते: सेकंदांना १.५६ ने गुणले की दर सेकंदाचे मीटर मिळतात. सहा सेकंदांची लाट ताशी सुमारे ३४ किलोमीटरने पळते. फॉइलला उचलायला १८ लागतात, लाट त्याच्या जवळपास दुप्पट देऊ करते. इथे पॅराविंगचे काम एवढेच, की तुम्हाला उभे करायचे आणि बाजूला व्हायचे. म्हणून माउईत लहान आणि चटकन गुंडाळता येणारे कापड घेतात.

अमेरिकेच्या वायव्येला ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मधून कोलंबिया नदी कॅस्केड पर्वत फोडून जाते. उन्हाळ्यात पर्वताच्या पूर्वेचा कोरडा प्रदेश तापतो, पश्चिमेला समुद्रावरची हवा गारच असते आणि दाबातल्या फरकामुळे ती हवा या खिंडीतून पूर्वेकडे घुसते. हूड रिव्हर गावाजवळ वारा अशा प्रकारे प्रवाहाच्या विरुद्ध वाहतो, त्यामुळे लाटा उभ्या आणि दाट उठतात. तीन-चार सेकंदांच्या या लाटा पाण्याच्या मानाने ताशी १७ ते २२ किलोमीटरच धावतात, म्हणून फॉइलचा पंख मोठा घ्यावा लागतो. शिवाय कड्यांवर आपटून वारा झोतांनी येतो. सरासरी १८ नॉट असली, तरी एका क्षणी १२ आणि दुसऱ्या क्षणी २६. आकडे तेवढे भयंकर वाटत नाहीत, पण वर्ग करून पाहा: झोतातला जोर पडलेल्या वाऱ्यातल्या जोराच्या पावणेपाच पट होतो. इथे सरासरीचे माप घेतले, तर ते दोन्हीकडे चुकते. जाणते लोक माप सहसा लहानाकडे झुकवतात आणि उठण्यासाठी झोताची वाट पाहतात. झोत आला की उठायचे आणि तो ओसरण्याआधी लाट पकडायची.

तिसरा वारा आपल्या ओळखीचा आहे. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग चालते ते प्रामुख्याने या वाऱ्यांच्या जिवावर. पण त्यांचा उगम किनाऱ्यापासून फार दूर नसतो आणि आयुष्य काही तासांचे असते. लांब पल्ला नाही, म्हणून फॉइलला पुरेल अशी पळती लाट क्वचितच बनते. कापड मोठे घ्यावे लागते, कारण वारा हलका. आणि ते हातातच ठेवावे लागते, कारण गुंडाळून जायचे कशावर? अशा ठिकाणी हवा भरून फुगवलेला विंग अधिक शहाणपणाचा ठरतो. तो ताठ असतो, पाण्यात पडला तरी तरंगतो आणि वाऱ्याच्या उगमाकडे चढत परत यायला मदत करतो. इथे पॅराविंग नव्या वस्तूची हौस म्हणून जरूर घ्यावे, मुख्य साधन म्हणून नव्हे.

हातातले काम

पॅराविंगला कणा नाही. पुढच्या कडेला फुगवलेली नळी नाही, कापडाचा एकच थर. आकार टिकतो तो दोऱ्यांच्या लांबीमुळे आणि वाऱ्याच्या दाबामुळे. संक्रांतीला पतंगाची कण्णी बांधताना वरचा दोरा किंचित लहान-मोठा केला की पतंग एकतर गोते खातो नाहीतर नुसता ओढत राहतो. पॅराविंगवर हेच काम उडवता उडवता, दोन हातांनी, सतत चाललेले असते. दांडीचे पुढचे टोक पुढच्या दोऱ्यांशी बांधलेले असते, मागचे टोक मागच्यांशी. मागचा हात ओढला की कापड वाऱ्याला अधिक तिरके होते आणि जोर वाढतो. फार ओढला तर हवा कापडावरून सुटते. पॅराविंग मागे लोंबते आणि ओढ संपते. फार सोडला तर पुढची कड आत दुमडते. या दोन चुकांच्या मधली पट्टी अरुंद असते, आणि नवशिक्याचा हात जवळजवळ नेहमी पहिल्या बाजूला चुकतो. जोर कमी पडला की तो आणखी ओढतो, तेव्हा खरे तर सैल सोडायचे असते.

उघडताना वाऱ्याकडे पाठ करायची. एका हातात दांडी, दुसऱ्यात पुढच्या दोऱ्या ताणून धरलेल्या, मग कापड वाऱ्यावर सोडायचे. पुढची कड भरली की दोऱ्या सोडून दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि कापड डोक्याच्या वर आणायचे, म्हणजे पुढच्या ओढीबरोबर थोडा वरचा आधारही मिळतो. वारा हलका असेल, तर पायांनी बोर्ड लयीत दाबून वेग वाढवायचा. आवरताना क्रम उलटा: पुढच्या दोऱ्या खेचल्या की कापडातला जीव जातो, ते झेंड्यासारखे फडफडते, मग हातावर हात टाकत दोऱ्या आणि कापड गोळा करायचे आणि पट्ट्यात कोंबायचे. दोऱ्या दर वेळी एकाच जागी आणि एकाच क्रमाने धरायच्या. गडबडीत हा क्रम मोडला, तर पुढच्या उघडणीला गुंता निघतो, आणि तो खोल पाण्यात बोर्डवर बसून सोडवावा लागतो. कापड भिजले की जड होते, थर एकमेकांना चिकटतात. अशा वेळी पुढची कड वर उचलून पाणी झटकल्याशिवाय ते हलक्या वाऱ्यात भरत नाही.

आकारातही तडजोड आहे. लांबट, अरुंद पॅराविंग वाऱ्याच्या उगमाकडे चांगले चढते, पण लाड मागते. रुंद, आखूड कापड तेवढे चढत नाही, मात्र चटकन भरते आणि चुका पोटात घालते. एकदाच उठून लाटांवर निघून जायचे असेल, तर दुसरे. पुन्हा पुन्हा वर चढून यायचे असेल, तर पहिले.

आणि वारा पडला तर?

फुगवलेला विंग संकटात तराफ्यासारखा वापरता येतो. पॅराविंग बुडत्याला आधार देत नाही. ते स्वतःच पाण्याने जड होते. तिथे बोर्ड हीच होडी, म्हणून बोर्डशी बांधणारी दोरी, तरंगणारे जाकीट आणि हातांनी वल्हवत परत येण्याइतका श्वास, या तिन्ही गोष्टी मापाच्या निवडीआधी येतात. वाऱ्याची दिशाही. कोकणात पहाटे आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा गुळगुळीत पाण्यामुळे मोहात पाडतो, पण तो माणसाला बाहेर नेतो आणि ऊन चढू लागले की विरतो. अशा वाऱ्यात हाती कापड असो वा विंग, पाण्यात न उतरणे हेच कौशल्य.

दुकानदार विचारतो, ‘तुमचे वजन किती, तिकडे वारा किती?’ दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण अपुरे. वारा सलग आहे की झोतांचा, त्याच्या मागे लाट किती पल्ल्याची आहे आणि तो मला किनाऱ्याकडे आणतो की दूर नेतो, हे तीन प्रश्न त्यांना जोडले की माप बहुतेक वेळा आपोआप ठरते. कधी कधी ठरते ते असे, की यंदा पॅराविंग घ्यायचेच नाही. तेही उत्तर गणितातूनच आलेले असते.