सात मोहऱ्यांची कसोटी

मूळच्या पैठणच्या घराण्यातले, काशीचे नीलकंठ भट्ट यांनी १७व्या शतकात ‘नीतिमयूख’ या ग्रंथात बुद्धिबळाचे वर्णन केले. आज या खेळाची अखेर संगणकाने सोडवली आहे, पण पूर्णपणे फक्त राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच. मात झालेल्या स्थितीपासून उलट मोजत प्रत्येक स्थितीचा निकाल कोष्टकात नोंदला जातो. २०१२च्या, मॉस्कोतील ‘लोमोनोसोव्ह’ नावाच्या कोष्टकांत ५४९ चालींनी मात होणारी स्थिती सापडली.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालींची, म्हणजे इंजिनांची, तुलना अशा निकाल ठाऊक असलेल्या स्थितींच्या कसोटीवर करावी: कोष्टक काढून घ्यावे आणि सर्वांना एकच स्थिती द्यावी. समजा, एका बाजूकडे राजाखेरीज फक्त उंट आणि कडेचे प्यादे आहे, प्याद्याचे शेवटचे घर उंटाच्या रंगाचे नाही आणि विरोधी एकटा राजा त्या कोपऱ्यात पोचला आहे. कच्चे इंजिन मोठी आघाडी दाखवते, निकाल मात्र बरोबरीचाच असतो. मोहऱ्यांची बेरीज म्हणजे विजय नव्हे, हे ओळखणारे इंजिनच अखेरीत खरे बलवान.