चौकट : धोका प्रयोगात नाही, अडगळीत

किरणोत्सर्गी पदार्थ हाताळताना वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये योग्य आड, ही त्रिसूत्री प्रयोगशाळांत बऱ्यापैकी पाळली जाते. खरी ढिलाई होते ती प्रयोग संपल्यावर. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले कोबाल्ट-६० असलेले गॅमा किरणयंत्र १९८५पासून पडून होते. २०१०च्या फेब्रुवारीत ते भंगार म्हणून लिलावात निघाले, मायापुरीच्या बाजारात फोडले गेले आणि किरणबाधेने एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, म्हणजे यंत्र आल्यापासूनच्या सुमारे ४० वर्षांत त्याची तीव्रता मूळच्या जेमतेम अर्ध्या टक्क्यावर येते. तरीही उरलेले प्राणघातक ठरले. जुने झाले म्हणून निर्धोक झाले, हा हिशेबच चुकीचा.

नोंदी, परवाने, तपासण्या यांच्या जाचाने संशोधन रखडते, ही तक्रार अगदीच निराधार नाही. मात्र नियमही सरसकट सारखे नसतात. जीवशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या फॉस्फरस-३२चे अर्धायुष्य १४.३ दिवसांचे, त्याचा कचरा पाचेक महिने बंदिस्त ठेवला की हजारावा भागही उरत नाही. त्याच्या बीटा कणांसाठी आड घ्यायची ती अॅक्रिलिकची. नुसते शिसे लावले तर उलट क्ष-किरण निर्माण होतात. कोबाल्टसारखा मोठा स्रोत मात्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनेच निकाली काढावा लागतो. प्राध्यापक निवृत्त होतात, विभागप्रमुख बदलतात. स्रोताची जबाबदारी म्हणूनच माणसाच्या आठवणीवर न सोडता नोंदवहीवर आणि नियुक्त किरण-सुरक्षा अधिकाऱ्यावर टाकली पाहिजे.