जिहाद: दोन्ही बाजूंनी अर्धवट

25 सप्टेंबर 2015, बकरी ईदचा दिवस. पुसदला मशिदीजवळ बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांवर एका तरुणाने चाकू चालवला. गोवंश हत्याबंदीचा राग त्याच्या डोक्यात होता आणि तोंडी ‘जिहाद’ हा शब्द होता. प्रकरण दहशतवादविरोधी पथकाकडे (एटीएस) गेलं, आणखी दोघे आरोपी झाले, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची कलमं लागली आणि खटला अकोल्याच्या विशेष न्यायालयात उभा राहिला. 2019 मध्ये निकाल लागला. पोलिसांना जखमी केल्याबद्दल त्या तरुणाला तीन वर्षांची शिक्षा झाली, दहशतवादाच्या आरोपातून मात्र तिघेही सुटले. जिहाद हा शब्द वापरला एवढ्यावरून कुणाला दहशतवादी ठरवणं धाडसाचं होईल, असं न्यायाधीशांनी नोंदवलं. झटणं, धडपडणं, चांगला समाज घडवण्यासाठी झगडणं, असे त्या शब्दाचे अर्थही निकालपत्रात आले. शिक्षेपेक्षा जास्त काळ आरोपी आधीच कोठडीत होता.

न्यायालयाने कृत्याची शिक्षा कृत्याला दिली, शब्दाची वेगळी लावली नाही. चौकातल्या चर्चेत नेमकं उलटं होतं.

‘जिहाद म्हणजे काफिरांची कत्तल’ हा सगळ्यात रुळलेला समज. कुराणात प्रत्यक्ष लढाईसाठी ‘किताल’ हा वेगळा शब्द आहे. जिहाद आणि त्याची रूपं चाळीसेक ठिकाणी येतात. काही ठिकाणी रणांगण आहे, काही ठिकाणी नाही. सूरह (अध्याय) फुरकानमध्ये (25:52) पैगंबरांना ‘मोठा जिहाद’ करायला सांगितलं आहे, तो कुराणाच्या आधारे, म्हणजे सांगून-पटवून. तो मक्केतला काळ. हाताशी फौज नव्हती, अनुयायीच मार खात होते.

सूरह लुकमानमधली पंधरावी आयत, म्हणजे वचन, तर फार कमी लोकांनी नीट वाचलेली असते. मूर्तिपूजक आईबाप मुलाला पुन्हा अनेकेश्वरवादाकडे ओढण्यासाठी जो जोर लावतात, त्यालाही तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे इथे ‘जिहाद’ करणारे मुसलमान नाहीतच! मुलाने काय करावं? त्या एका बाबतीत त्यांचं ऐकू नये, पण संसारात त्यांच्याशी चांगलंच वागावं. बुखारीच्या हदीससंग्रहातही, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहातही, असाच एक प्रसंग आहे. एक माणूस लढाईला जायची परवानगी मागायला आला. पैगंबरांनी विचारलं, आईवडील हयात आहेत का? हो म्हणताच त्यांनी सांगितलं की मग त्यांच्यासाठीच झट. तोच तुझा जिहाद. उर्दूतला ‘जद्दोजहद’ हा शब्दही याच घराण्यातला. आणि लेबनॉनमध्ये 2023 साली राष्ट्राध्यक्षपदाचे एक उमेदवार होते जिहाद अझूर. धर्माने मॅरोनाइट ख्रिस्ती.

एवढं ऐकल्यावर सलोख्याच्या सभांतले वक्ते खूश होतात आणि दुसऱ्या टोकाला जातात: ‘जिहाद म्हणजे फक्त मनाशी झुंज, लढाईशी त्याचा काही संबंध नाही.’ हेही खरं नाही. फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, यातली जिहादची प्रकरणं मुख्यतः युद्धावरच आहेत: कुणी लढायचं, कुणाला सोडायचं, लूट कशी वाटायची. ‘लहान जिहादकडून मोठ्या जिहादकडे आलो’ ही सभेत हमखास सांगितली जाणारी हदीस सहा प्रमुख संग्रहांपैकी एकातही नाही, आणि धर्मपंडित इब्न तैमिय्यांनी तर ती निराधारच ठरवली. मात्र आपल्या नफ्साशी (मनातल्या वासनांशी) झगडतो तो मुजाहिद, म्हणजे जिहाद करणारा, या आशयाची तिर्मिझीतली हदीस ग्राह्य धरली जाते आणि सूफींनी हाच धागा पकडला. आपल्याकडे तो थेट मराठीत आला. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. त्यातलं युद्ध माणसाच्या आतलं आहे. 

युद्ध आहे, तर नियमही आहेत. लढाईची पहिली परवानगी मानली जाणारी आयत (22:39) अन्याय झालेल्यांना आहे आणि तिच्या लगेच पुढची आयत मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी, सगळ्यांची नावं घेते. लढतील त्यांच्याशीच लढा, मर्यादा ओलांडू नका, असं 2:190 सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती 9:5, ‘दिसतील तिथे मारा’. तिचा रोख करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांकडे होता, आणि पुढचीच आयत सांगते की त्यांच्यातला कुणी आश्रय मागितला तर द्या आणि सुरक्षित जागी पोचवा. हेही सांगायला हवं, की कुराणाच्या काही जुन्या भाष्यकारांनी 9:5 ने सौम्य आयती रद्द झाल्या असं मानलं होतं, आणि आजच्या जिहादी संघटना त्याच मताचा आधार घेतात. त्या हवेतून बोलत नाहीत. पण ‘युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यकर्त्याचा’ हा नियम मात्र त्या सोयीस्करपणे गाळतात. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सैन्याला दिलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत: बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, मठातल्या संन्याशांना हात लावू नका, फळझाडं तोडू नका.

21 जून 2022 च्या रात्री अमरावतीत एका औषध विक्रेत्याचा गळा चिरून खून झाला. पैगंबरांविषयीच्या वादग्रस्त वक्तव्याला पाठिंबा देणारी समाजमाध्यमावरची पोस्ट हे कारण असल्याचं एनआयएचं म्हणणं आहे. पैगंबरांचा अवमान हा फिक्हमध्ये जिहादचा विषयच नाही, त्याचं प्रकरण वेगळं. आणि तिथेही शिक्षेचा अधिकार काझीचा, चाकू घेऊन फिरणाऱ्याचा नाही. मुस्लिम संस्थांनीही अशी हिंसा नाकारली आहे. 26/11 च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा नाकारली होती. त्याच वर्षी, हल्ल्याच्या काही महिने आधी, देवबंदच्या दारुल उलूमने दहशतवादाविरुद्ध फतवा काढला होता.

अचलपूरला दूल्हा रहमान शाह गाझींचा दर्गा आहे. लग्नाच्या मांडवातून उठून ते तिथल्या ईल राजाशी लढायला आले, अशी आख्यायिका. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत टिकेल, शंकाच आहे. कारण मुसलमानी सत्तेची चाहूल या भागाला लागली ती अलाउद्दीन खिलजीच्या 1296 च्या देवगिरी स्वारीने. गाझी म्हणजे धर्मासाठी लढलेला. त्याच गाझीच्या दर्ग्यात हिंदूही नवस फेडायला येतात.

‘लव्ह जिहाद’ ही मात्र अगदी अलीकडची जोडणी. तेव्हाच्या कायद्यात तिची व्याख्या नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे तसं एकही प्रकरण नाही, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये लोकसभेत सांगितलं. सप्टेंबर 2022 मध्ये अमरावतीतून एक तरुणी बेपत्ता झाली. तेव्हाच्या खासदार नवनीत राणा यांनी राजापेठ पोलीस ठाण्यात जाऊन लव्ह जिहादचा आरोप केला आणि वृत्तवाहिन्यांना दिवसभराचा खुराक मिळाला. मुलगी साताऱ्यात सापडली, रेल्वेने एकटीच निघाली होती. घरच्यांवर रागावून आपणहून गेले, असं तिने सांगितलं. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने याच विषयावरच्या कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फसवून लग्न करणं, जबरदस्तीने धर्म बदलायला लावणं हे गुन्हे ठरवायचे तर त्यांची व्याख्या कायद्याच्या भाषेतच करावी लागते. त्यासाठी फिक्हचे ग्रंथ चाळून उपयोग नाही, कारण जिहादचा असा प्रकारच तिथे नाही.