एआयला हिशोब दाखवा, पण पेन हातात देऊ नका



गेल्या महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. दुकानाचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर मी एआय असिस्टंटला जोडलं आणि विचारलं, "साठ दिवसांपेक्षा जुनी उधारी कोणाकोणाकडे आहे?" मिनिटभरात यादी हजर. मी खूश! त्यालाच वसुलीचे मेसेज लिहायला सांगितले आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा झालो.

संध्याकाळी आमचे जुने वायरमन काका काउंटरवर आले. "शेठ, पैसे तर मी गणपतीच्या आधीच दिले. रोख. तुमच्या पोरानं लिहून घेतले की!" डायरी उघडली, तर खरंच होतं. रक्कम डायरीत होती, सॉफ्टवेअरमध्ये चढवायची राहिली होती. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि मी त्यांना थकबाकीदार ठरवलं.

एआय चुकलं नव्हतं. त्याला जे दिसलं तेच त्यानं सांगितलं. चूक माझी.

आता हे जोडणं म्हणजे काय? आधी आपण एक्सेल फाइल काढून अपलोड करायचो. आता एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आलाय. अँथ्रोपिक कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. आपल्या भाषेत सांगायचं तर ठरलेल्या मापाचा प्लग आणि सॉकेट. सॉफ्टवेअरकडे सॉकेट असलं की असिस्टंट लागेल तेवढा डेटा स्वतः वाचतो. झिरोधाने २०२५ मध्ये काइटसाठी अशी सोय आणली, तेव्हा पोर्टफोलिओ वाचता यायचा, पण त्यांच्या सर्व्हरवरून ऑर्डर टाकता येत नव्हती. हाच धडा दुकानालाही लागू आहे.

मी आता हे नियम पाळतो:

१. परवानगी फक्त वाचायची. एंट्री, पेमेंट आणि मेसेज माणसाच्या हातूनच जाणार.

२. आधी डायरी, मग एआय. रोजची रोख जमा त्याच रात्री चढवायची. एकाच पार्टीची दोन नावांनी दोन खाती असतील, तर ती एक करायची.

३. बेरीज ताडून बघायची. एआयने सांगितलेला एकूण आकडा सॉफ्टवेअरच्या येणे-बाकी रिपोर्टशी जुळला, तरच पुढे जायचं.

४. पासवर्ड आणि ओटीपी चॅटमध्ये कधीच टाकायचा नाही. कनेक्शन म्हणजे गल्ल्याची चावी. काम संपलं की काढून घ्यायची.

मग फायदा काय? योग्य प्रश्न विचारा, फायदा दिसेल. उदाहरणार्थ, "कोणत्या सप्लायरचं बिल दीडशे दिवस झाले तरी द्यायचं राहिलंय?" कारण बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्यावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. ही यादी हाताने काढायला माझा अख्खा रविवार जायचा. आता चहा संपायच्या आत मिळते.

काकांची मी माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "मशीनला काय माहीत, पण तुम्हाला तर माहीत होतं ना?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

म्हणून आज एकच काम करा. एआय नंतर जोडा, आधी काउंटरची डायरी आणि सॉफ्टवेअर समोरासमोर ठेवून मागचे ३० दिवस जुळवा. किती एंट्री राहिल्यात ते कळलं, की पुढचं पाऊल टाका.